सहा महिन्यांपुरतं ग्राह्य

"तोंडी नाय चालत. लिहून द्या."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. समोर कुणीही असो. चहावाला म्हणाला, उद्यापासून साखर कमी टाकतो मुन्शी, की हा लगेच, "तोंडी नाय चालत. लिहून दे." एकदा एक म्हातारबाबा हयातीच्या दाखल्यासाठी आले. वैतागून म्हणाले, "अरे, मी जित्ता हाये हे काय लिहून द्यायचं? दिसतंय की!" हा म्हणाला, "मला दिसतंय बाबा. कचेरीला नाय दिसत. अंगठा टेका."

कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली पत्र्याची शेड आहे, तिथं आम्ही शेजारी शेजारी बसायचो. मी स्टॅम्प विकतो. आवारात मला सगळे इष्टामवाले म्हणतात, तो नुसतं ‘इष्टाम’ म्हणायचा. तो अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं मशीनवर टाइप करून देणारा. सगळे त्याला मुन्शी म्हणायचे. त्याचं खरं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्यानं पहिलं विचारलं असतं, परवानगी लेखी घेतली होती का?

तुम्ही कधी कामासाठी त्या आवारात आला असाल, तर त्याला नक्की पाहिलं असेल. टाइप करताना ज्याचा डावा डोळा मिटलेला असायचा, तो हाच. नव्या गिऱ्हाइकांचा गोंधळ व्हायचा. वैजापूरच्या एक बाई वारसाच्या कामासाठी आल्या होत्या. त्या उठून माझ्याकडं आल्या आणि फणकाऱ्यानं म्हणाल्या, "ह्या माणसाला सांगा, नीट बघ म्हणावं." मी म्हटलं, "बाई, तो तुमच्याकडं बघतच नाही. धूर जातोय त्याच्या डोळ्यात."

खरंच धूर होता तो. दोन्ही हात मशीनवर, विडी ओठांच्या डाव्या कोपऱ्यात, धूर सरळ वर डोळ्यात. विडी काढायला हात उचलला की ओळ तुटते, असं त्याचं म्हणणं. राख मशीनमध्ये पडायची. दर महिन्याला तो मशीन उलटं करून झाडायचा आणि मूठभर राख निघायची.

आता जे सांगतो ते मला सांगायला आवडत नाही, पण सांगतो. त्याच्या विड्या मी पेटवायचो. त्याचे हात गुंतलेले, माझे रिकामे. एका काडीत दोन पेटवायच्या, एक माझ्या तोंडात आणि एक त्याच्या. तो मान वर करायचा नाही, नुसते ओठ उघडायचा. दिवसात दहा वेळा तरी. अठरा वर्षं. आम्हाला वाटायचं, हीच दोस्ती.

त्याच्या पायाची करंगळी आधीच गेली होती. काहीतरी लागलं, चिघळलं, काढली, असं तो सांगायचा. पण अठराव्या वर्षी हिवाळ्यात हाताची बोटं सुरू झाली. सकाळी मशीनचं झाकण काढायचा तेव्हा बोटांची टोकं पांढरीफटक असायची, मग निळी पडायची. चहाच्या ग्लासाभोवती बोटं धरून बसायचा. मग उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर जखम झाली ती भरेचना. तो त्या बोटाला फडकं बांधून टाइप करायचा आणि प्रत्येक ठोक्याला दात आवळायचा.

मी त्याला ओढून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं हात बघितले, पाय बघितला आणि विचारलं, "किती ओढता?" हा म्हणाला, "दोन बंडल." डॉक्टरनं सांगितलं, रक्ताच्या बारीक नळ्या बंद होतायत, आणि हे विडीचं काम आहे. "विडी कमी नाही करायची, बंद करायची. एक जरी ओढलीत तरी हे थांबणार नाही. बंद केलीत तर बोटं बहुतेक वाचतील. तुमचं काम काय?"

"टायपिंग," मुन्शी म्हणाला.

डॉक्टरनं पुन्हा त्याच्या बोटाकडं बघितलं. मग म्हणाला, "सगळे इथं हो म्हणतात आणि फाटकाबाहेर जाऊन पेटवतात. तुम्हीही पेटवाल."

झालं! मुन्शी खुर्चीतून उठला. "डॉक्टर, हे लिहून द्या. ‘तुम्ही पेटवाल’ एवढंच लिहा आणि सही-शिक्का मारा." डॉक्टर हसायला लागला. हा हसला नाही. "तोंडी नाय चालत," म्हणाला आणि बाहेर पडला.

फाटकाबाहेर खरंच सात-आठ जण उभे राहून ओढत होते. एकाच्या हाताला तर दवाखान्याची पट्टी तशीच होती. मुन्शी त्यांच्याकडं बघत राहिला. सवयीनं माझा हात खिशात गेला होता. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "इष्टाम, हात बाहेर काढ."

शेडमध्ये आल्यावर त्यानं हिरवा लेजर कागद मशीनला लावला आणि स्वतःचं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. ‘मी खाली सही करणार, वय वर्षे त्रेचाळीस, धंदा अर्जनवीस, राहणार हर्सूल, सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की, मी आजपासून विडी ओढणार नाही. सदर निर्णय मी कोणाच्याही दबावाखाली न येता, नशापाणी न करता, राजीखुशीने घेतला आहे.’ मी म्हटलं, "नशापाणी न करता? सकाळपासून सात झाल्यात तुझ्या." तो म्हणाला, "मसुदा असाच असतो. मधी बोलू नको."

खाली ओळखणाऱ्याची जागा असते. प्रतिज्ञापत्र करणारा माणूस तोच आहे, हे सांगणारा कुणीतरी लागतो. तिथं त्यानं माझं नाव घातलं, ‘प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास मी व्यक्तिशः ओळखतो.’ मी सही केली. त्यानं तो कागद शेडच्या खांबाला खिळा ठोकून लावला, येणाराजाणारा वाचेल असा.

वाचला एका वकिलाच्या कारकुनानं. हा रोज फुलंब्रीहून येतो, आम्ही त्याला फुलंब्रीकर म्हणतो. जिभेला हाड नाही. तो मोठ्यानं वाचत वाचत शेवटी आला आणि एकदम खो खो हसत सुटला. "मुन्शी! हे काय टाइप केलं? ‘सदर प्रतिज्ञापत्र आजपासून सहा महिन्यांपुरते ग्राह्य राहील’! म्हणजे सहा महिन्यांनी परत चालू?"

शेडमधले सगळे धावले. खरंच तसं होतं. मीही सही करताना वाचलं नव्हतं. रहिवासाच्या प्रतिज्ञापत्रात शेवटी ते वाक्य असतं आणि मुन्शी दिवसातून वीस वेळा ते टाइप करायचा. शेवटच्या परिच्छेदाला त्याची बोटं आपोआप चालायची, डोकं लागायचं नाही. जन्माची प्रतिज्ञा करायला बसला आणि बोटांनी रहिवासाचा मसुदा ठोकून दिला.

मुन्शीचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता फाडतो. मी म्हटलं, "दुसरा कागद लाव, त्यात काय?"

"नाय!" तो ओरडला. "टाइप झालं ते झालं. सही झाली, ओळख झाली. माझ्या कागदावर आजपर्यंत खाडाखोड नाय. सहा महिने लिहिलंय ना, मंग सहा महिने. जन्माचं लिहून देणारे लई बघितले मी. सहा महिन्यांचं निभावून दाखवतो, मंग बघू."

तेव्हा आम्ही सगळे हसलो. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात कामाची चूक होती.

पहिले दोन महिने मात्र त्यानं सगळ्यांचा जीव खाल्ला. चिडका तर इतका झाला की, त्यानं टाइप केलेले अर्ज वाचून साहेब लोक बिथरायचे. नळाला पाणी येत नाही एवढ्या तक्रारीत त्यानं ‘आपल्या निगरगट्ट कार्यालयास’ असं घातलं होतं. खिशात फुटाणे भरलेले. डावा डोळा मात्र मिटायचाच. धूर नाही, विडी नाही, पण मशीनवर हात ठेवला की डोळा बंद.

मी माणुसकीनं म्हटलं, "मी आपला पाण्याच्या टाकीमागं जाऊन ओढत जाईन." तर अंगावर आला. "टाकीमागं कशाला? इथं ओढ. माझ्या तोंडासमोर ओढ. मला तिची जिरवायचीय. ती लपून बसली तर कुणाची जिरवू?" मग मी त्याच्या शेजारी बसून ओढायचो आणि तो माझ्या विडीकडं बघत फुटाणे चावायचा. लोक म्हणतात ह्याला मनाची ताकद. मी समोर होतो, मी सांगतो, तो निव्वळ राग होता. पण लागू पडला.

तलफ फारच आली की तो विडीला नोटिसा काढायचा. खरंच! कागद लावायचा आणि टाइप करायचा, ‘कारणे दाखवा नोटीस. प्रति, विडी. आपण आज सकाळी अकरा वाजता विनापरवाना माझ्या डोक्यात प्रवेश करून सव्वा अकरापर्यंत बेकायदेशीर मुक्काम केला. आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा करावा.’ नोटीस लिहून होईपर्यंत तलफ ओसरायची. त्या नोटिसांची त्यानं फाईल केली होती. मी विचारलं, "खुलासा आला का?" तो म्हणाला, "मुदत देऊनही आला नाय. विडीकडं बाजूच नाय मांडायला."

सगळ्यात अवघड होती गिऱ्हाइकं. आपल्याकडं कामाचं बोलण्याआधी माणूस बंडल पुढं करतो. घेतली नाही तर त्याला वाटतं, ह्याला आपलं काम करायचं नाही. एक पागोटेवाले पाटील तर उठूनच निघाले, "आमच्या हातची चालत नसंल तर ऱ्हाऊ द्या." मुन्शीनं चप्पल काढली आणि पाय उचलून सरळ टेबलावर, टाइपलेल्या कागदांशेजारी ठेवला. "मोजा पाटील. किती हायेत?" पाटलांनी मोजली. चार. "पाचवं बिडीनं नेलं. आता काढा बंडल, घेतो." पाटलांनी बंडल आत टाकलं आणि खाली बसले. पुढं ते दरवेळी मुन्शीकडंच यायचे.

सहा महिने झाले. बोटावरची जखम भरून आली होती. त्यानं दुसरं प्रतिज्ञापत्र केलं, तसंच, त्याच शेवटच्या वाक्यासकट. मी ओळखणारा. फुलंब्रीकरानं गुलमंडीवरून इमरती आणली. मला वाटलं, जिंकलं.

त्यानंतर तीनच महिन्यांनी त्याचा थोरला भाऊ वारला. गाव पिशोर. मी दुपारच्या बसनं गेलो. अंगणात माणसं बसली होती, मुन्शी भिंतीला टेकून खाली बघत होता. मी जाऊन शेजारी बसलो. बंडल फिरत होतं, ते माझ्यापर्यंत आलं.

मी एका काडीत दोन पेटवल्या. एक माझ्या तोंडात धरली आणि एक त्याच्या ओठांत ठेवली.

त्यानं मान वर केली नाही. नुसते ओठ उघडले.

पहिला झुरका गेला तेव्हा मला कळलं, मी काय केलं. माझा हात तसाच हवेत राहिला. त्यानंही माझ्याकडं बघितलं. विडी काढून फेकेल असं वाटलं, पण त्यानं ती दोऱ्यापर्यंत ओढली आणि मग दुसरीसाठी हात पुढं केला. हे मी केलं. दुसऱ्या कुणीही नाही, सवयीनं नाही, दुःखानं नाही, मी.

तेराव्यापर्यंत तो गावात होता आणि ओढत होता. परत आला तेव्हा डाव्या हाताची करंगळी काळी पडली होती. दवाखान्यात तिचं टोक काढावं लागलं. तोच डॉक्टर होता. मुन्शीनं मला नंतर सांगितलं, डॉक्टर एक शब्द बोलला नाही, आणि त्याचंच जास्त लागलं.

पट्टी बांधलेल्या हातानं तो शेडमध्ये आला, मशीनचं झाकण काढलं आणि नऊ बोटांनी टाइप करायला बसला. वर लिहिलं, ‘शुद्धिपत्र’. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की, माझ्या मागील प्रतिज्ञापत्राचा मजकूर खोटा ठरला आहे. सदर कालावधीत मी विडी ओढली. ती मी स्वतः ओढली. ती कोणी दिली हा मुद्दा गौण आहे. आजपासून नव्याने सहा महिने.’

त्यानं तो कागद माझ्यापुढं सरकवला. "ओळखणारा. कर सही."

मला ती ओळ दिसत होती, ‘ती कोणी दिली हा मुद्दा गौण आहे’. माझ्या हातातला पेन हलेना. मी म्हटलं, "मुन्शी, तुझं बोट माझ्यामुळं गेलं."

"तोंडी नाय चालत," तो म्हणाला.

"मग काय करू?"

"लिहून दे." त्यानं दुसरा हिरवा कागद लावला. खट खट खट. माझं नाव, माझं वय, माझा धंदा. ‘मी आजपासून विडी ओढणार नाही.’ खाली ओळखणारा म्हणून स्वतःचं नाव टाइप केलं, लगेच सहीही ठोकली आणि कागद माझ्यापुढं टाकला. "ही तुझी माफी. सही केलीस की पोचली."

आणि मी सही केली नाही.

का, ते मला आजही धड सांगता येत नाही. माझी बोटं शाबूत होती. शिवाय कुणी दाबलं की मी अडून बसतो, ही जन्माची खोड. म्हटलं, "पुढच्या खेपेला." त्याच्या कागदावर ओळखणारा म्हणून सही केली, माझा ड्रॉवरमध्ये टाकला. त्या दिवसापासून मी त्याच्यासमोर विडी पेटवली नाही, एवढं केलं. टाकीमागं जायचो. त्याला माहीत होतं. तो आता ओरडायचा नाही, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

पुढं नऊ वर्षं हे असं चाललं. दर सहा महिन्यांनी तो दोन कागद टाइप करायचा, एक त्याचा, एक माझा. त्याच्या कागदावर मी ओळखणारा, माझ्या कागदावर तो. त्याचा खांबावर जायचा, माझा ड्रॉवरमध्ये. सहा महिने झाले की माझा कागद बाद. तो ड्रॉवर उघडून स्वतः बघायचा आणि म्हणायचा, "आणखी एक मेला. घे नवा."

मुदत संपायचा दिवस म्हणजे तर आवारात जत्रा. फुलंब्रीकर सकाळीच नवं कोरं बंडल घेऊन हजर. "मुन्शी, मुदत संपली! आज तुम्ही कायद्यानं मोकळे!" कुणालाही वाटेल की, मुन्शी घाईघाईनं नवा कागद करून घेईल. छट्! तो मुद्दाम करायचा नाही. जुना कागद खांबावरून काढायचा, मशीनवर झाकण ठेवायचा, हाताची घडी घालायचा आणि फुलंब्रीकराचं ते बंडल आपल्या समोर उभं करून ठेवायचा. अकरा, बारा, एक. जेवण करून यायचा, परत बसायचा. तीनपर्यंत.

"आज माझ्यावर कुठलंच बंधन नाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. "कागद नाय, सही नाय, डॉक्टर नाय. ओढू शकतो. ओढत नाय."

आणि तीन वाजता झाकण काढून टाइप करायला बसायचा, डावा डोळा मिटून. मी एकदा त्याला विचारलं, हा तमाशा कशाला? तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "इष्टाम, कागद हाय तवा मी कागदाला भितो. हे चार तास मी कुणाला भीत नाय. वर्षातनं दोनदा बघून घेतो, माझं मी हाये का."

शेजारी संगणकवाले आले, प्रिंटर आले, ऑनलाइन आलं. त्याची गिऱ्हाइकं कमी झाली. हातांची बोटं मात्र साडेनऊ होती ती साडेनऊच राहिली, एक नखभरही कमी झालं नाही. त्या तरुण डॉक्टरला तो दरवर्षी कागदाची नक्कल नेऊन द्यायचा. डॉक्टरनं म्हणे टेबलाच्या काचेखाली ती लावली होती.

गेल्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. गावी नेलं, पाच-सहा दिवसांत गेला. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मुन्शीची बायको, आमच्या वहिनी, मला बघून रडल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "भाऊजी, शुद्धीत होते तवर एकच सांगत होते. दाखल्यावर कावीळ लिहून घ्या. लेखी घ्या. न्हाईतर लोक म्हणतील बिडीनं गेला." मला हसू आलं आणि तिथंच, सगळ्यांदेखत, मी मोठ्यानं रडलो.

तेच अंगण, तीच भिंत. माणसं बसली होती, बंडल फिरत होतं. माझ्यापर्यंत आलं. मी काडी ओढली आणि पेटवून झाल्यावर बघितलं तर माझ्या हातात दोन होत्या.

एक माझी. दुसरी कुणाच्या तोंडात ठेवू?

मी दोन्ही जमिनीवर चुरडल्या. बाजूच्या माणसानं विचारलं, "काय झालं?" मी उठून अंगणाबाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन ड्रॉवर उघडला. वरच पडला होता तो, त्यानं उन्हाळ्याच्या तोंडाशी टाइप केलेला माझा कागद. त्याची सही ठसठशीत. ‘प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास मी व्यक्तिशः ओळखतो.’ मी बोटांवर महिने मोजले. मुदत संपायला सहा दिवस होते. सहा दिवसांनी तो कागदही मेला असता आणि ह्यावेळी नवा करून द्यायला कुणी नव्हतं. मी सही केली. नऊ वर्षं उशिरा माफी पोचवली.

सहीसमोर त्या दिवसाची तारीख टाकली आणि कागद खांबाला ठोकला. मुन्शी असता तर म्हणाला असता, मुदत टाइप केलेल्या दिवसापासून धरतात. म्हटलं, म्हण. उठ आणि म्हण.

ते सहा महिने कसे गेले ते विचारू नका. मी फुटाणे खाल्ले, बायकोशी भांडलो, दोन गिऱ्हाइकांवर स्टॅम्प भिरकावले. दुपारी टाकीमागं जाऊन नुसता उभा राहायचो आणि परत यायचो. टाकीलासुद्धा माझी कीव आली असेल. पण ओढली नाही. दिवाळीच्या आधी वहिनींनी मुन्शीचं मशीन माझ्याकडं पाठवून दिलं, म्हणाल्या, "घरात बघवत नाही." मी ते त्याच्याच टेबलावर ठेवलं.

आज माझी मुदत संपली.

सकाळी खांबावरून कागद काढला, मशीनवर झाकण ठेवलं आणि हाताची घडी घालून बसलो. फुलंब्रीकर आला. केस पिकलेत त्याचे आता. खिशातून बंडल काढलं, माझ्या समोर उभं केलं, पण नेहमीसारखं ओरडला नाही. मग हळूच म्हणाला, "इष्टामभाऊ, आज मोकळे तुम्ही."

"हो," मी म्हटलं. "ओढू शकतो. ओढत नाय."

अकरा, बारा, एक. जेवून आलो. दोन वाजता तलफ अशी आली की हात मांडीखाली दाबून बसलो. भ्यायलो, कबूल करतो. पण बसलो. तीन वाजले तेव्हा झाकण काढलं, हिरवा कागद लावला आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत टाइप करायला लागलो. अर्ध्या ओळीनंतर फुलंब्रीकर म्हणाला, "भाऊ, तुमचा डोळा." डावा डोळा मिटला होता. कधी मिटला मला कळलं नाही.

शेवटच्या वाक्यापर्यंत आलो. ‘सहा महिन्यांपुरते ग्राह्य राहील.’ एवढं एक वाक्य न अडखळता टाइप झालं. खाली ओळखणाऱ्याची जागा आली आणि तिथं मी थांबलो. अठरा आणि नऊ, सत्तावीस वर्षं मला व्यक्तिशः ओळखणारा एकच माणूस होता. त्या जागेवर मी बोट ठेवलं.

फुलंब्रीकर बघत होता. त्यानं टेबलावरचं बंडल उचलून खिशात टाकलं आणि म्हणाला, "मी हाये की, भाऊ. मी ओळखतो तुम्हाला."

मी कागद मशीनमधून काढला, पेन उघडला आणि दोन्ही त्याच्यापुढं सरकवले.

"तोंडी नाय चालत," मी म्हटलं. "लिहून दे."